पाहुणा

पनवेलच्या बाजारात चिंबोऱ्या घेताना कोळीण मावशी प्रत्येक चिंबोरी उलटी करून दाखवतात. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी. आम्हांला भरलेली मादी प्रिय.

सॅक्युलिनाविषयी वाचल्यापासून मात्र त्या झडपेकडे निःशंकपणे पाहवत नाही. खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलच्या कुळातला हा परोपजीवी. त्याची मादी अळीच्या अवस्थेत काही जातींच्या खेकड्यांत शिरते, आत मुळ्यांसारखे जाळे पसरते आणि यजमानाचे प्रजनन थांबवते. पुढे झडपेखाली तिच्या अंड्यांची पिशवी येते. खेकडा ती स्वतःचीच असावी तशी जपतो. यजमान नर असला, तर त्याची झडपही मादीसारखी रुंदावते.

'पॅरासाइट' हा शब्द मूळचा ग्रीक. दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून जेवणारा, म्हणजे पाहुणाच! मराठीत त्याचे बांडगूळ होते आणि ते विशेषण बहुधा समीक्षकाच्या वाट्याला येते. कविता शिकवताना हा आरोप आम्ही नेहमी हसण्यावारी नेला.

मग एकदा एका विद्यार्थिनीने वर्गात स्वतःची कविता वाचली. तिच्यात आमचीच वाक्ये होती, तिने जिवापाड जपलेली. आम्ही भरभरून कौतुक केले.

त्या रात्री चिंबोरी फोडताना हात अडखळला. दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, "आमची टिपणे बाजूला ठेव आणि पुन्हा लिही."

तिने अद्याप काही आणून दाखवलेले नाही.