कडा न कापलेलं सँडविच

आमच्या घरांत ब्रेड पहिल्यांदा आला तो आजाऱ्याच्या उशाशी. ताप उतरला की डॉक्टर सांगायचे, आज जेवण नको, चहा-ब्रेड द्या. मग वडील सायकल काढून बेकरी गाठायचे आणि मेणकागदातला पुडा घेऊन यायचे. बाकीची भावंडं दारात उभी राहून त्या पुड्याकडे बघत. आपल्याला कसा ताप येत नाही, असं वाटण्याचं ते वय. ब्रेड हे औषध होतं. त्याचा नाश्ता व्हायला सिडकोची घरं आणि एमआयडीसीच्या पाळ्या याव्या लागल्या.

ही गोष्ट कुण्या एका घराची नाही. बीड, जालना, परभणीकडून, पैठण-गंगापूरच्या खेड्यांतून माणसं औरंगाबादेत आली. तेव्हा शहराचं नाव तेच होतं, आठवणीतही तेच राहू द्यावं. कुणी चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागलं, कुणी विद्यापीठात, कुणी कचेऱ्यांत. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे लहान-मोठे कितीतरी. सिडकोच्या वसाहतींना नावं तरी काय, एन-चार, एन-सहा, एन-नऊ. गावाकडून आलेल्या आजीला पत्ता पाठ करायचा म्हणजे बीजगणितच. पहिल्या पाळीची बस उजाडायच्या आत नाक्यावर यायची. त्या वेळी परात-काटवट काढून भाकरी थापणाऱ्या बायका होत्याच, पण आठवड्यातला एखादा दिवस ब्रेडवर भागवता येतं हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

अडचण होती ती सासवांची. बेकरीच्या पावात काय काय घालतात, कुणाचा हात लागतो, अशी त्यांची चौकशी चाले. मुंबईचे पाहुणे मग समजूत घालायचे, की मॉडर्न ब्रेड यंत्रात होतो आणि वर सरकारी आहे. ते खरंही होतं. १९६५ मध्ये केंद्र सरकारने काढलेली ती कंपनी २००० मध्ये हिंदुस्तान लिव्हरला विकली गेली. सरकारी म्हटल्यावर आज्जी थोड्या नरमायच्या. अर्थात त्या स्वतः खायच्या नाहीत, पण नातवंडांच्या ताटलीकडे बघून नाक मुरडणं बंद झालं.

आणि मग टोस्टर आला. अॅल्युमिनियमचे दोन साचे, मध्ये बिजागरी, लांब दांडे, त्यांना काळ्या मुठी आणि दांडे घट्ट धरून ठेवायला एक कडी. गॅसवर धरायचा, उलटायचा, पुन्हा धरायचा. ज्यांच्याकडे गॅसचा नंबर लागला नव्हता त्यांच्याकडे हेच काम वातीच्या स्टोव्हवर चाले आणि सँडविचला रॉकेलचा वास यायचा. त्या वासाचीही सवय झाली होती. साचा लहान आणि ब्रेड मोठा, म्हणून कडा बाहेर राहायच्या आणि काळ्या व्हायच्या. आई सुरीने त्या खरवडायची. सकाळच्या स्वयंपाकघरातला तो खर्रखर्र आवाज आमच्या पिढीतल्या कुणालाही ऐकवला तर पोटात भूक उठेल.

मुंबईची आत्या यायची ती या कडा आधीच कापून बाजूला ठेवायची. दादरच्या गाडीवर असंच करतात म्हणे. आमच्या घरांना हे कधी झेपलं नाही. घरातली थोरली माणसं १९७२ च्या दुष्काळातून आलेली. त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरी गिळलेल्या. ती भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आपणच खाल्ली असं वाटतं. त्या माणसांसमोर पांढऱ्या गव्हाच्या ब्रेडची चारही अंगं कापून टाकायची? आत्या गेल्यावर त्या कडांना मोहरी-हिंगाची फोडणी बसायची, वरून शेंगदाणे आणि चिमूटभर साखर. खरं सांगायचं तर सँडविचपेक्षा तोच पदार्थ चांगला लागायचा.

सारण मात्र मुंबईचं कधीच झालं नाही. बीट आणि हिरवी चटणी आमच्याकडे आलीच नाही. औरंगपुऱ्याच्या मंडईतून आणलेले बटाटे उकडून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन केलेली भाजी आत जायची आणि ब्रेडला चटणीच्या जागी ठेचा फासला जायचा. तो नसला तर कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी. ठेच्याचं सँडविच गरम असताना खाल्लं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि लगेच दुसरं मागावंसं वाटायचं. धाकट्यांसाठी साय-साखर. अमूलचा शंभर ग्रॅमचा पुडा आणला जायचा तो पाहुणे येणार असतील तेव्हा. एरवी घरच्या लोण्यात मीठ आणि किंचित हळद घालून आई त्याला अमूलचा रंग आणायची. आम्ही फसलो नव्हतो, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अंड्याचं प्रकरण वेगळं. शाकाहारी घरांत अंड्याची कढई गॅलरीत असायची, तिचा स्टोव्हही वेगळा. पोरांनी तिथेच उभं राहून खायचं. खरी मजा शहागंजकडच्या वर्गमित्राच्या घरी होती. रात्रीचा उरलेला खिमा त्याची अम्मी सकाळी त्याच अॅल्युमिनियमच्या साच्यात भरायची आणि म्हणायची, हल्लू खा रे, जलेगा. तिच्याकडेही कडा कापत नसत.

रविवारी सगळं निवांत. १९८७-८८ च्या रामायणाच्या दिवसांत साडेनऊच्या आत सगळी सँडविचं भाजून व्हावी लागत, कारण एकदा मालिका सुरू झाली की साचा उलटायला कुणी उठत नसे.

पुढे पगार वाढले, विजेवरचा टोस्टर आला. कुणाच्या लग्नाच्या आहेरात आला, कुणी हप्त्यावर घेतला. दिसायला देखणा, हिरवा-लाल दिवा असलेला. पण त्याच सुमारास भारनियमनही आलं. मराठवाड्यात २००० नंतरची काही वर्षं वीज कधी जाईल यावर घराचं वेळापत्रक ठरायचं. सकाळी ब्रेडला लोणी लावून ठेवावं आणि बरोब्बर तेव्हा दिवे जावेत. मग माळ्यावरचा जुना साचा पुन्हा खाली यायचा. त्याची एक मूठ सुटलेली असायची, तिथे चिंधी गुंडाळलेली.

आता कॅनॉटला चीज वितळून बाहेर ओघळणारी सँडविचं मिळतात. नातवंडांना तीच आवडतात आणि त्यात काही वावगं नाही. एका घरी सुनेनं गुलमंडीच्या भांड्यांच्या दुकानातून गॅसवरचाच, पण नॉनस्टिकचा नवा टोस्टर आणला. साचा मोठा, आख्खा ब्रेड आत मावतो, कड जळत नाही. सासूबाईंनी उघडून पाहिला, मिटला आणि म्हणाल्या, "मग यात खरवडायचं काय?"