आजीचा स्वेटर

दिवाळीला तिवशाच्या घरी पेटी उघडली आणि लेकीने माझ्या आईचा बटणांचा पांढुरका स्वेटर उचलला. "बाबा, हाच पाहिजे!" टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या २०२० सालच्या 'फोकलोर' ह्या गीतसंग्रहासारखा पेहराव तिला करायचा होता. फोकलोर म्हणजे लोकसाहित्य. वीस वर्षे मी ते शिकवतो. त्यापायी कुणी साधे बटणही बदलले नाही! बालगंधर्वांची नेसण पाहून बायका साड्या नेसत, हे मात्र वर्गात कौतुकाने सांगतो. तरी ओठांवर 'नको' आलेच. कोपरावरचे भोक आईने तपकिरी लोकरीने भरले होते. लेक ते उसवील, अशी धास्ती. तिने बाही उलटून पाहिली.

"हे दिसलं पाहिजे हं, बाबा."

डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून मी स्वेटर उन्हात टाकला.