गहाण पडलेलं शहर

दागिना गहाण पडला की घरात तो मोठा होत जातो. पेटीत असताना आजीच्या पाटल्या नुसत्या पाटल्या असतात. सावकाराकडं गेल्या की दर पिढीला त्या तोळ्यातोळ्यानं जड होतात. 'एक दिवस सोडवून आणू' हे वाक्य बापाकडून मुलाकडं जातं, व्याजासकट. एकोणिसाव्या शतकात आपल्या हद्दीबाहेर राहिलेल्या त्रेन्तो आणि त्रिएस्तला इटालियन लोकांनी 'इर्रेदेन्ता' म्हटलं, त्याचा अर्थ हाच: सोडवायची राहून गेलेली. त्या शब्दावरून राजकारणाच्या पंडितांनी पुढं एका अख्ख्या रोगाला नाव दिलं. मला मात्र तो शब्द दिसला की त्रिएस्त आठवत नाही. स्मिर्ना आठवतं.

स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर. अंजीर, बेदाणे आणि तंबाखूचं बंदर. धक्क्यावर ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, शिवाय पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरलेले युरोपी व्यापारी. ग्रीकांचा तिथला वावर एवढा की तुर्क या गावाला 'काफिर इझमीर' म्हणत. हे शहर कुणी कुणाकडं गहाण टाकलं होतं? कुणीच नाही. पण १८४४ साली अथेन्सच्या संविधान सभेत योआनिस कोलेत्तिस उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की हे चिमुकलं राज्य म्हणजे सगळा ग्रीस नव्हे. जिथं जिथं ग्रीक राहतो ती त्याचीच भूमी. त्यात खोटं काय होतं? राज्यात होते त्याहून जास्त ग्रीक तेव्हा बाहेर, सुलतानाच्या मुलखात राहत होते. या स्वप्नाला नाव पडलं 'मेगाली इदेआ', थोर कल्पना. तिच्या टोकाला होतं कॉन्स्टँटिनोपल. ग्रीक माणूस त्याचं नावसुद्धा घेत नाही, नुसतं 'शहर' म्हणतो. १४५३ मध्ये तिथं पडलेला शेवटचा सम्राट संगमरवराचा होऊन झोपलाय आणि एक दिवस उठणार, ही गोष्ट ऐकत पोरं झोपी जात.

गोष्टीत वाईट काही नसतं. आपणही १७५८ साली अटकेला पोचलो होतो. आज अटक पाकिस्तानात आहे आणि आपल्या गल्लीतली मुलगी गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली की आपण खुशाल म्हणतो, पोरीनं अटकेपार झेंडा लावला. ते गाव परत हवं असं कुणाच्या मनातही येत नाही. जमीन गेली, वाक्प्रचार राहिला, आणि वाक्प्रचाराला फौज लागत नाही.

ग्रीसला फौज मिळाली. १५ मे १९१९ रोजी ती स्मिर्नाच्या धक्क्यावर उतरली. पंतप्रधान वेनिझेलोसची जिद्द होतीच, पण परवानगी पॅरिसच्या तहपरिषदेतून आली, आणि तीही ग्रीकांवरच्या प्रेमापोटी नाही. इटलीनं अनातोलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आधीच पाय रोवले होते. तिला आवरायला ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज वगैरे मंडळींना दुसरं कुणी हवं होतं. आर्चबिशप क्रिसोस्तोमोस यांनी सैन्याला आशीर्वाद दिला. त्याच दिवशी गोळ्या सुटल्या, तुर्क मेले. ती बातमी अनातोलियाच्या गावागावात गेली आणि तुर्की सेनानी मुस्तफा केमालला जे भाषणांनी जमलं नसतं ते तिनं केलं. १९२० च्या सेव्ह्रच्या तहानं स्मिर्नाचा कारभार ग्रीसकडं दिला. इकडं मुंबईत खिलाफतवाल्यांनी स्मिर्नाच्या नावानं निधी गोळा केला.

मग त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रीसचा राजा अलेक्झांडर याला राजवाड्याच्या बागेत माकड चावलं आणि तो मेला. माकड नसतं चावलं तर, असं म्हणायचा मोह इतिहासकारांनाही होतो. मला तो फसवा वाटतो. निवडणुकीत वेनिझेलोस पडला, जुना राजा परतला, तरी फौज केमालचं ठाणं असलेल्या अंकाराच्या दिशेनं चालतच राहिली, कारण सोडवायला निघालेल्याला अर्ध्यातून फिरता येत नाही. १९२१ मध्ये साकार्या नदीवर ती अडली. फ्रान्सनं गुपचूप अंकाराशी तह केला. ब्रिटननं शब्द दिले, सैन्य दिलं नाही. १९२२ च्या ऑगस्टमध्ये फळी फुटली आणि परतणाऱ्या ग्रीक सैनिकांनी वाटेतली तुर्की गावं जाळली, मनिसा जाळलं.

९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ स्मिर्नात शिरलं. आर्चबिशपांना जमावानं मारलं. १३ तारखेला आग लागली. ती कुणी लावली यावर दोन देशांची पुस्तकं आजही दोन गोष्टी सांगतात. जळाले ते ग्रीक आणि आर्मेनियन मोहल्ले. लाखो माणसं धक्क्यावर, मागं आग, पुढं पाणी, आणि पाण्यात दोस्तराष्ट्रांच्या युद्धनौकांची रांग. हुकूम होता तटस्थ राहण्याचा. आपापल्या नागरिकांना तेवढं वर घ्यायचं. बोचकं, गादी, शिवणयंत्र घेऊन उभ्या असलेल्या बाईला तटस्थ या शब्दाचा अर्थ कुणी सांगितला असेल?

तीन वर्षं आणि चार महिने. तेवढ्यात दागिना सोडवायला गेलेल्यांच्या हातात राख आली. पुढच्या महिन्यात तिकडं लॉइड जॉर्जचं सरकार पडलं, नोव्हेंबरात अथेन्समध्ये पाच मंत्री आणि एक सेनापती यांना गोळ्या घातल्या. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. समोर लॉर्ड कर्झन होते, १९०५ मध्ये बंगाल तोडणारे तेच. त्यांना स्वतःलाच ही अदलाबदल वाईट वाटत होती, पण झाली. सुमारे बारा लाख ख्रिश्चन तुर्कस्तानातून ग्रीसला, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात. बरेचसे ग्रीक आधीच पळालेले होते. करारानं त्यांची परतीची वाट बुजवली.

माणूस कोण, हे त्याच्या भाषेवरून ठरवलं नाही, धर्मावरून ठरवलं. म्हणून कारामानली लोक ग्रीसला पाठवले गेले. ते तुर्की बोलत आणि तीच तुर्की ग्रीक लिपीत लिहीत. नव्या गावात शेजाऱ्यांनी त्यांना 'तुर्काचं बी' म्हटलं. आणि क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात आले, तोंडात ग्रीक घेऊन. त्यांना तिथं 'अर्धे काफिर' हे नाव मिळालं.

'शहर' अजून आहे. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या निर्वासितांनी १९२४ मध्ये अथेन्समध्ये 'एईके' नावाचा फुटबॉल क्लब काढला. त्याच्या चिन्हावर बायझंटाइन दोनमुखी गरुड आहे, आणि २०२२ मध्ये उघडलेल्या त्याच्या मैदानाचं नाव 'आया सोफिया'. गोल झाला की हजारो लोक गरुडाचे झेंडे हलवतात. हा आपला अटकेपार झेंडाच, असं म्हणून मी निश्चिंत व्हायला लागतो, तेवढ्यात सायप्रस आठवतं. तिथं १९७४ च्या जुलैत ग्रीसला जोडून घेण्यासाठी बंड झालं, पाच दिवसांनी तुर्की फौजा उतरल्या, आणि बेट आजही दोन तुकड्यांत आहे.

तुर्कस्तानातल्या आयवालिकमध्ये ग्रीकांनी सोडलेली दगडी घरं क्रीटहून आलेल्यांना मिळाली. काही दारांच्या चौकटीवर बांधणाऱ्याचं नाव आणि साल ग्रीक अक्षरांत कोरलेलं आहे. त्या दाराशी बोचकं उतरवणारी बाई ग्रीकच बोलत होती. मुलांना आत हाक मारली तीही ग्रीकमध्येच. चौकटीवर काय लिहिलंय ते मात्र अशा कितीजणींना वाचता येत नव्हतं.