सचिनहून साल्हेरकडे

पश्चिम रेल्वेने मुंबईहून सुरतेस जाताना नवसारी व मरोली मागे पडली की सचिनचे स्थानक येते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव गाडीच्या खिडकीतून वाचले असेल. तेथे उतरण्याचा प्रसंग थोड्यांनाच आला असेल. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेने तेथील गादीवरचा हक्क सोडला, त्याच्या मोबदल्यात १७९१ साली तिला हा मुलूख मिळाला. १९४८ साली हे लहानसे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज येथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. भूमी अशी सपाट की चढ म्हणून चढावयाचा तो रेल्वेच्या पुलाचाच!

अशा गावी डोंगरातल्या धावेची गोष्ट का काढावी, असे वाचक विचारतील. परंतु सुरतेच्या ह्या टापूस पायी धावणाऱ्यांचा मोठा इतिहास आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रे मुंबईस आणि आग्ऱ्यास पायी धावणारे काशीद नेत असत. जुन्या मराठी दप्तरांत तर ‘जासूद जोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. पत्र एक, पण नेणारे दोघे. नदीनाले, घाट आणि जंगले ओलांडताना एकास ताप आला किंवा पाय मोडला तर दुसऱ्याने मदत आणावी, हा त्यातील हेतू सहज ध्यानात येतो. १६७० साली सुरतेची दुसरी स्वारी आटोपून शिवाजी महाराज बागलाणच्या वाटेने परतले आणि पुढील वर्षाच्या आरंभी साल्हेरचा किल्ला स्वराज्यात आला. त्या साल्हेरकडे जोडीने पायी जावे, असे आमच्या व आमच्या एका स्नेह्यांच्या मनात आले.

सचिनहून आम्ही दोघे बिलिमोऱ्यास आलो व तेथून वघईस. अंबिका नदीच्या काठचे हे गाव म्हणजे डांगच्या सागवानी जंगलाचे दारच. १९६० साली डांग गुजरात राज्यात गेला, तरी तेथील बोली मराठी कानाला परकी वाटत नाही. आम्ही वाट विचारली की वृद्ध माणसेही दोन शेते ओलांडून सांगावयास येत. पहिल्या दिवशी चढावर आमचे सोबती पुढे असत आणि आम्ही धापा टाकीत मागून जात होतो. सापुताऱ्याचा घाट चढून गेल्यावर वारा अंगावर आला, तेव्हा सचिनचा उकाडा कोठल्या कोठे राहिला.

तिसऱ्या दिवशी उतारावर सोबत्यांचा गुडघा दुखू लागला. त्यांची शिदोरी व पांघरूण आम्ही आपल्या पिशवीत घेतले आणि त्यांना पुढे घातले; कारण मागे राहणारा माणूस पुढच्यास गाठण्यासाठी नकळत पाय उचलतो व दुखणे वाढवितो. सूर्य कलू लागला तसे ते म्हणाले, ‘‘तुम्ही पुढे व्हा, मी येतो.’’ डोंगरात ह्या वाक्याइतके धोक्याचे दुसरे वाक्य नाही. बोलणारा सौजन्याने बोलतो, ऐकणाऱ्यास ते सोयीचे वाटते, आणि अंधारात दोघेही एकटे पडतात. आम्ही त्यांच्या पावलाने चाललो. चौथ्या दिवशी साल्हेरवाडीस पोचलो. समोर १५६७ मीटर उंचीचा तो गड उभा होता; माथ्यावर परशुरामाचे लहानसे देऊळ आहे. एकट्याने वर जाऊन येण्याइतका दिवस शिल्लक होता. पण चढाई दोघांनी ठरविली होती. गड पायथ्यावरूनच पाहिला आणि परतलो.

अशी जोडीची वाटचाल आज जगात शर्यत म्हणूनही चालते. ब्रिटनमध्ये १९६८ साली दोन दिवसांची डोंगरधाव सुरू झाली. तीत दोघांनी मिळून धावावयाचे, तंबू व अन्न पाठीवर न्यावयाचे आणि रात्र डोंगरातच काढावयाची. आल्प्स पर्वत ओलांडणारी जोडीची धाव २००५ साली सुरू झाली. आठवडाभरात सुमारे अडीचशे किलोमीटर जावे लागते, आणि जोडीदारांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये असा दंडक आहे. जो चपळ आहे त्याच्या चपळाईचा, सोबती मागे असेल तर, काही उपयोग नाही.

हा नुसता खेळाचा नियम नव्हे. २००८ च्या ऑक्टोबरात त्याच ब्रिटिश शर्यतीवर भयंकर वादळ कोसळले. सुमारे अडीच हजार धावक डोंगरात होते. हजारांहून अधिक जणांचा ठावठिकाणा रात्री लागेना. पण प्रत्येकाजवळ तंबू होता आणि तंबूत दुसरा माणूस होता. एकही जीव गेला नाही. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरशर्यत झाली. तेथे १७२ जण एकेकटे धावत होते, आणि वारा अडविणारा जाड अंगरखा बरोबर नेण्याची सक्ती नव्हती. गारा व बर्फासारखा पाऊस आला, आणि २१ जण दगावले. त्याच डोंगरात एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीने ऊब दिली व वाचविले. शर्यतीशी काही संबंध नसलेला तो माणूस त्या सहांचा सोबती झाला.

आपल्याकडेही धावणाऱ्यांची वाण नाही. डांगच्या सरिता गायकवाड हिने २०१८ च्या आशियाई खेळांत चौघींच्या धावेत भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. डांगच्याच मुरली गावित ह्याने २०१९ साली आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणले. ह्यांचे पाहून आपल्या गावचे तरुण डोंगर धावू म्हणतील, तर त्यांना अडवू नये. बूट, पाणी व पांघरूण ह्यांची चौकशी घरच्यांनी अवश्य करावी. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा : सोबत कोण आहे, आणि त्याचा पाय दुखला तर तुम्ही थांबाल ना?