लॅमिंग्टन रोड : जुन्या स्पीकरचे माहेर

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून थोडे चालले, की आपण लॅमिंग्टन रोडवर पोहोचतो. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. वायरींची भेंडोळी, ट्रान्सफॉर्मर आणि सुटे स्पीकर यांनी भरलेल्या या रस्त्यावर, चाळीस वर्षांपूर्वी घरी आलेल्या स्टीरिओचे दुखणे जाणणारे कारागीर आजही भेटतात.

आपल्या माळ्यावरही फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिकची जोडी धूळ खात पडली असेल. ‘आवाज फाटतो’ म्हणून तिला निवृत्त केले असेल. बहुधा तिचा दोष लहान असतो. कागदी शंकूभोवतीचे फोमचे लवचीक कडे आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत भुरभुरते. कारागीर जुना गोंद खरवडून नवे कडे बसवतो. आतील तारेचे वेटोळे चुंबकाला घासणार नाही, अशा बेताने शंकू मधोमध आणतो. उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमधील वाळलेले कपॅसिटर बदलले, की दबलेला सूर मोकळा होतो. लाकडी पेटी मात्र तीच राहते.

तरीही घरातील वाद मिटेलच असे नाही. आजोबा आवाज वाढवतात, नातवंडे कमी करतात. अशा वेळी एक साधी पारख करावी. खरखर सर्वांनाच ऐकू येत असेल, तर दोष पेटीचा. इतरांना स्वच्छ ऐकू येते आणि केवळ आजोबांनाच शब्द कळत नाहीत, तर कानांची तपासणी करून घ्यावी. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे ध्वनी मंदावतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, अर्थ येत नाही. त्यातून हळूहळू माणूस संभाषणातून आणि मग माणसांतून दूर होतो. त्यास हट्ट समजू नये. एखाद्या कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मात्र विलंब न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

म्हणूनच दुरुस्तीबरोबर थोडा बदलही करून घ्यावा. उंच स्वरांचा छोटा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर येईल असा स्टँड असावा. स्पीकर भिंतीपासून थोडा पुढे आणि खुर्चीजवळ ठेवावा. अंतर घटले की आवाज वाढवावा लागत नाही. मोठ्या बटणांचा, ब्लूटूथ असलेला ॲम्प्लिफायर जोडता येतो. मात्र स्पीकरमागे लिहिलेले ४ किंवा ८ ओहम कारागिराला अवश्य दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित मानावा. आवाज त्याहून मोठा, तितका वेळ कमी.

या फेरीसाठी रविवार टाळावा. बहुतेक दुकाने बंद असतात. सकाळी, गर्दी उसळण्यापूर्वी जावे. जड पेटी उचलण्याऐवजी तरुण हातांकडून केवळ स्पीकर सोडवून घ्यावा. ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी स्पीकरचे चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे. कुशीत धरून कदापि नेऊ नये. भुरभुरलेला फोम काढताना नाकावर मास्क असावा, आणि गोंद व सोल्डरिंगचे काम हवेशीर जागी व्हावे.

परतण्यापूर्वी रस्त्याच्या दक्षिण टोकाकडील रॉयल ऑपेरा हाऊस अवश्य पाहावे. १९९३मध्ये बंद पडलेली ही वास्तू जीर्णोद्धारानंतर २०१६मध्ये पुन्हा रसिकांसाठी खुली झाली. जुन्या भिंती राखूनच तिच्यात नव्या काळाच्या सोयी आल्या. आपल्या घरातील पेटीचे, आणि ती ऐकणाऱ्या वृद्ध कानांचेही, याहून वेगळे मागणे नाही.