युद्धनौकेचा गिअरबॉक्स वाजतो कसा?

15 जानेवारी 2025ला मुंबईत ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तेव्हा माझी फीड क्षेपणास्त्रांच्या याद्यांनी भरून गेली होती. अभिमान मलाही वाटला. पण माझी 22 वर्षं गिअरच्या टेस्ट बेंचवर गेलीत, त्यामुळे युद्धनौका म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो, गिअरबॉक्स वाजतो कसा?

हा प्रश्न हौसेचा नाही. गॅस टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, प्रोपेलरला शे-दोनशे पुरतात. मधला हिशेब गिअर जुळवतो. समजा, 40 दातांचा पिनियन मिनिटाला 3600 फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला 2400 वेळा दाताला दात भिडतो. सलग एकसुरी शिट्टीच! पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं आणि फार लांब जातो. समुद्राच्या गोंगाटातून असा एकच सूर पाणबुडी वेगळा काढते. आणि जहाजावर शेकड्यांनी माणसं असतात.

मग कोणीतरी लिहितं, ‘ॲडव्हान्स्ड अलॉय आलं, आता आवाज बंद.’ असं होत नाही हो. स्टील साधं घ्या की निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं महागडं, ताठरपणा जवळपास तेवढाच, 200 ते 210 गिगापास्कल. टायटॅनियमचा ताठरपणा निम्मा, पण वजनही निम्म्याच्या जवळपास. त्यामुळे त्याच आकाराचा गिअर ठोकून पाहिला तर सूर साधारण तिथंच लागतो. चांगल्या धातूनं दात झिजत नाहीत, खड्डे पडत नाहीत, ताकद वाढते. हे मोठंच काम आहे. पण शिट्टी ठरते दाताच्या आकारातल्या काही मायक्रॉनच्या फरकानं. त्यात कार्बुरायझिंगच्या भट्टीतून दात थोडे वाकडे होऊनच बाहेर येतात. पुढे ग्राइंडिंग आणि मोजमाप, खरी परीक्षा तिथं.

एका कारखान्यात (नाव नको) नव्या स्टीलचे पैसे महिन्याभरात मंजूर झाले. दात मोजायच्या मशीनची फाइल तीन वर्षं फिरत होती. फोटोत स्टील छान दिसतं, मोजमाप दिसत नाही!

आमचे फोरमन लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि सेन्सर लावायच्या आधी सांगायचे, कुठला दात बोलतोय. ते रिटायर झाले. त्यांच्या जागी आयटीआयची पोरं येतात, अकरा महिन्यांच्या करारावर. कान तयार व्हायला लागतो तेवढ्यात करार संपतो.