बिगरहंगामातला दाभोसा

सहल म्हटली की आपल्या कष्टकऱ्यांच्या घरात आधी खर्चाचा हिशेब होतो. पावसाळ्यात जव्हारकडे गर्दी फार आणि जेवण-मुक्कामाचे दरही चढे. म्हणून आम्ही घरची सात माणसे फेब्रुवारीत दाभोशाला गेलो. ठाण्याहून जव्हारपर्यंत एसटी, पुढे वीसेक किलोमीटर जीप. भाकरी आणि लसणाची चटणी घरूनच बांधून घेतली होती.

दाभोसा हा लेंडी नदीवरचा धबधबा. उंची सुमारे 300 फूट. पावसाळ्यात लोक त्याच्या तुषारांत भिजायला येतात. आम्ही गेलो तेव्हा कड्यावरून बारीक धार पडत होती आणि खालच्या डोहाजवळ आमच्याशिवाय कुणीही नव्हते. पोरे खडकावर निवांत बसली. चाळीतल्या गजबजाटातून आलेल्या आम्हाला ती शांतता फार सुखाची वाटली.

परतताना वाटेवरच्या पाड्यातही तसाच शुकशुकाट दिसला. बहुतेक दारांना बाहेरून कड्या. एका ओटीवर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. आमच्या आईने विचारले, "बाई, घरातली माणसं कुठं गेली?"

"जगाया गेली," ती म्हणाली. "भट्टीवर."

पोटासाठी गाव सोडण्याला या भागात 'जगायला जाणे' असेच म्हणतात. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते. भात, नाचणी, वरई निघाली की दुसऱ्या पिकाला पाणी उरत नाही. त्याच सुमारास, पाऊस थांबला म्हणून, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या सुरू होतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे उचल घेऊन निघतात. शिमग्याला चार दिवस येतात आणि पुन्हा जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरे बरोबर असतात, म्हणून त्यांची शाळा सुटते. 1992-93 साली याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, कुपोषणाने बालके दगावली. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. पण जगायला जाणे काही थांबले नाही.

आईला हे नवे नव्हते. 1972 च्या दुष्काळात तिने मराठवाड्यात खडी फोडली आहे. जीपमध्ये ती एवढेच बोलली, "आपणबी जगायलाच आलो होतो. पण आपण एका जागी टिकलो, म्हणून तुमची शाळा झाली."

वाचक बंधू-भगिनींनो, या भट्ट्या आपल्याच वस्त्यांच्या आसपास असतात. घटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. 1976 च्या कायद्याने उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाचे नाव वर्षाच्या मध्येही शाळेत घालता येते. दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. हे भट्टीवरच्या आईबापांना जाऊन सांगणारे कुणीतरी हवे.

दाभोसा पावसाळ्यात जरूर पाहावा. पण एकदा फेब्रुवारीतही जावे, म्हणजे धबधब्याबरोबर गावही दिसेल. आम्ही घरात ठरवले आहे की येत्या रविवारी आमच्या वस्तीमागच्या भट्टीवर जायचे, पोरांची नावे लिहून घ्यायची आणि सोमवारी त्यांच्या आईबापांसोबत हेडमास्तरांना भेटायचे.